बटण दाबून रस्ता ओलांडताना

पादचारी सिग्नलच्या खांबावरील बटण दाबल्याबरोबर वाहने थांबतील, अशी अपेक्षा ठेवू नये. त्या बटणाने दिवा लगेच बदलत नाही. रस्ता ओलांडण्यासाठी कोणी थांबले आहे, एवढीच नोंद यंत्रणेकडे होते. वाहनांच्या हिरव्या दिव्यासाठी ठरवलेला किमान वेळ संपला की त्यांना आधी पिवळा आणि मग लाल दिवा लागतो, झेब्रा पट्ट्यांवरील उरलेले वाहन निघून जावे म्हणून क्षणभर सर्वांनाच लाल दिवा राहतो आणि त्यानंतर चालणारा हिरवा माणूस दिसतो. नोंद झाल्यावर बटण पुन्हा पुन्हा दाबण्याने काहीही साधत नाही. मात्र आधीच्या माणसाने ते दाबले असेलच, असे समजून सगळे नुसते उभे राहिले, तर सिग्नलला कोणाच्या मनातले कळत नाही.

सर्वाधिक गैरसमज लुकलुकणाऱ्या हिरव्या माणसाबद्दल आहे. त्याचा अर्थ ‘पळा’ असा नसून, निघाला असाल तर पलीकडे पोहोचा आणि पदपथावर असाल तर तिथेच थांबा, असा आहे. ही वेळ ठरवताना चालण्याचा वेग साधारणपणे सेकंदाला 1.2 मीटर धरतात. म्हणजे 12 मीटर रुंदीच्या रस्त्याला 10 सेकंद लागतात. गुडघे दुखत असतील किंवा हातात मंडईतल्या पिशव्या असतील, तर हिरवा दिवा नुकताच लागलेला असतानाच निघावे. पुण्यातल्या सिंहगड रस्त्यासारख्या दुभाजक असलेल्या रस्त्यावर दोन टप्प्यांत ओलांडणे अधिक सोयीचे ठरते. जंगली महाराज रस्ता एकेरी असला, तरी उलट दिशेने येणाऱ्या दुचाकींमुळे तिथेही दोन्हीकडे पाहूनच पाऊल टाकावे.

वाहनचालकाने पट्ट्यांवर नव्हे, तर त्यांच्या अलीकडच्या थांबरेषेमागे थांबावे आणि रस्ता रिकामा दिसला तरी लाल दिवा असेपर्यंत हलू नये. मोटार वाहन कायद्यात 2019 मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर लाल दिवा ओलांडणे कलम 184 खालील धोकादायक वाहन चालवण्यात मोडते. हिरवा दिवा लागला तरी पट्ट्यांवर कोणी अजून चालत असेल, तर त्याला पलीकडे जाऊ द्यावे. हॉर्न वाजवल्याने म्हातारा माणूस झपाझप चालत नाही, उलट गोंधळून मध्येच थांबतो. शेजारची बस पट्ट्यांपाशी थांबली असेल, तर तिच्या कडेने दुचाकी पुढे काढू नये, कारण बसच्या आड कोण चालत आहे, ते दिसत नाही.

सिग्नल बंद असल्यास ती जागा साधे झेब्रा क्रॉसिंग समजावी, वाहनचालकाने वेग कमी करून पादचाऱ्याला आधी जाऊ द्यावे आणि पादचाऱ्याने वाहन प्रत्यक्ष थांबल्याची खात्री करूनच रस्त्यावर उतरावे.