लग्नसराईसाठी स्वस्त फ्लॅश घेताय? या चुका टाळा

तुळशीचं लग्न लागलं की जळगाव-धुळ्याकडे फोटोग्राफरांची धावपळ सुरू होते. धंद्यात नव्याने उतरलेली पोरं फोन करून विचारतात, "भाऊ, कॅमेऱ्याच्याच कंपनीचा फ्लॅश परवडत नाही, दुसरा घेतला तर चालेल ना?" चालेल, खुशाल घ्या. फ्लॅशच्या डोक्यात झेनॉन वायू भरलेली नळी असते, कपॅसिटरमध्ये साठलेली वीज तिच्यातून एका झटक्यात जाते आणि उजेड पडतो. ही रचना सगळीकडे तीच. कॅननच्या ६००ईएक्स-आरटीचा गाइड नंबर, म्हणजे फ्लॅशच्या ताकदीचा आकडा, ६०; गोडॉक्स या स्वस्त चिनी कंपनीच्या टीटी६००चाही ६०. नवरीच्या चेहऱ्यावरचा उजेड बघून फ्लॅश कुणाचा हे सांगता येत नाही. किमतीत मात्र कित्येक पटींचा फरक आहे, आणि तेवढ्या पैशांत नव्या माणसाची एक चांगली लेन्स होते.

तरीही स्वस्त फ्लॅश घेऊन पस्तावलेले लोक मला दर हंगामात भेटतात. वस्तूच खराब निघाली असे त्यांत थोडे. आपल्या कॅमेऱ्याला न जुळणारा फ्लॅश घेतला, किंवा घेतल्यावर नीट सांभाळला नाही, असेच जास्त.

फ्लॅश बसतो, पण पेटत नाही

कॅमेऱ्याच्या डोक्यावरची पट्टी, म्हणजे हॉट शू, नीट बघा. मधोमध एक मोठा गोल ठिपका दिसतो. साधे मॅन्युअल फ्लॅश, म्हणजे ताकद हाताने लावायचे, या ठिपक्यातूनच इशारा घेतात. कॅननने १५००डी, ३०००डी आणि २००डी मार्क टू या कॅमेऱ्यांत तो ठिपकाच ठेवलेला नाही. शिकणाऱ्यांच्या हातात १५००डी सर्रास असतो. त्यावर टीटी६०० किंवा योंगनुओ या दुसऱ्या चिनी कंपनीचा वायएन५६० घट्ट बसतो, चाचणीचं बटण दाबलं की लखकन पेटतोही, पण फोटो काढताना गप्प. मग माणूस समजतो की दुकानदाराने फसवलं. अशा कॅमेऱ्याला कॅननची ई-टीटीएल भाषा (टीटीएल म्हणजे ताकद कॅमेऱ्याने आपोआप ठरवायची पद्धत) समजणारा फ्लॅश लागतो, आणि तोही आपल्याच कॅमेऱ्यावर पेटवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

नावाच्या शेवटचं अक्षरही वाचा. टीटी६८५च्या पुढे सी असेल तर कॅनन, एन निकॉन, एस सोनी, एफ फुजी. ऑनलाइन मागवताना घाईत नेमकं हेच अक्षर चुकतं. सोनीवाल्यांनी जरा जास्त जपावं. २०१२पासून सोनीच्या शूमध्ये पुढच्या बाजूला बारीक संपर्क-पट्ट्या असतात, फ्लॅश तिरका ढकलला तर त्या वाकतात.

आणखी एक धोका घराच्या कपाटात असतो. बंद पडलेल्या स्टुडिओतला रोलच्या काळचा फ्लॅश फुकट मिळाला म्हणून थेट डिजिटल कॅमेऱ्यावर चढवू नका. व्हिविटार २८३च्या सुरुवातीच्या प्रतींमध्ये ट्रिगरचा व्होल्टेज, म्हणजे शूच्या ठिपक्यातून कॅमेऱ्यात येणारा दाब, २००च्या वर असे. आजच्या फ्लॅशमध्ये तो पाच-सहा व्होल्टच्या आसपास असतो. फ्लॅश चार्ज करून मधला ठिपका आणि कडेचा धातू यांच्यामध्ये मल्टिमीटर धरा. आकडा मोठा दिसला तर तो फ्लॅश शोकेसमध्ये ठेवा.

आकड्याला भुलणं

खोक्यावरचा ६० हा आकडा फ्लॅशच्या डोक्याच्या २०० मिलिमीटर झूमला आणि आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता) १००ला मोजलेला असतो, म्हणजे उजेडाची अगदी अरुंद धार करून. निकॉनच्या एसबी-७००वर २८ लिहिलंय, कारण ते मोजमाप ३५ मिलिमीटरचं आहे. दोन्ही आकडे शेजारी ठेवून "हा दुप्पट ताकदीचा" असं म्हणणं चूक. गाइड नंबरला लेन्सच्या छिद्राच्या (अॅपर्चरच्या) आकड्याने भागलं की उजेड कुठवर पोचतो ते अंतर मिळतं. ६० भागिले ५.६, म्हणजे साधारण पावणेअकरा मीटर. पण छत्री लावली किंवा उजेड छतावरून उसळवला की ते अंतर पार आखडतं. स्टेजवरच्या ग्रुप फोटोत मागची रांग काळी पडते ती यामुळेच. पूर्ण ताकदीवर फ्लॅश मारत बसण्याऐवजी आयएसओ ४०० करा, गाइड नंबर दुप्पट होतो.

मॅन्युअल की टीटीएल, यावर माझं मत पक्कं आहे. वरातीत नवरदेव घोड्यावर, नाचणारे कधी दोन फुटांवर तर कधी दहा. तिथे हाताने ताकद बदलायला सवड नसते. म्हणून पहिला फ्लॅश टीटीएलवालाच घ्या. दुसरा, स्टँडवर ठेवायचा, तो मॅन्युअल घेऊन पैसे वाचवा. बरेच जण नेमकं उलट करतात.

रावेर-यावलकडे केळीच्या बागेत प्री-वेडिंग करायची हौस आता सगळीकडे पसरली आहे. पानांखाली अंधार, मागे पांढरं ऊन. शटर १/१००० केलं की फोटोचा बराच भाग फ्लॅशविना काळपट राहतो. फ्लॅश बिघडलेला नसतो. कॅमेऱ्याची सिंक मर्यादा, म्हणजे फ्लॅशशी जुळणारा शटरचा सगळ्यात जास्त वेग, बहुधा १/२०० किंवा १/२५० असते, तिच्या पुढे हाय-स्पीड सिंक ही फ्लॅशची वेगळी सोय लागते. टीटी६०० कॅमेऱ्यावर बसवला तर ती देत नाही, गोडॉक्सच्या ट्रिगरवरून (कॅमेऱ्यावर बसवून रेडिओने इशारा देणारं यंत्र) दूर ठेवला तर देतो. या प्रकारात ताकद बरीच कमी होते, तेव्हा फ्लॅश जोडप्याच्या जवळ आणा.

सेल आणि आपलं ऊन

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. फ्लॅशवर पाच-सहा हजार घालवणारा माणूस सेल मात्र पानटपरीवरून घेतो. साधे सेल फ्लॅशला लागणारा करंट झटक्यात देऊ शकत नाहीत, अल्कलाइनही थोड्याच वेळात दमतात. मंगलाष्टकं संपून अक्षता उडतात आणि फ्लॅशचा लाल दिवा काही लागत नाही. तो क्षण पुन्हा येत नाही. चांगल्या कंपनीचे रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड सेल घ्या, १.२ व्होल्टचे, २००० एमएएचच्या आसपासचे. चार-चारचे तीन संच करा, प्रत्येक संचावर पेनाने अ, ब, क लिहा आणि एका संचातला सेल दुसऱ्यात घालू नका. एक दुबळा सेल बाकीच्या तिघांना ओढतो.

त्याच मापाचा ३.७ व्होल्टचा लिथियम सेल बाजारात मिळतो. दिसायला हुबेहूब. चार मिळून सहाएक व्होल्ट अपेक्षित असतात, तिथे पंधराच्या जवळ जातात. हे सेल कधीही घालू नका, फ्लॅश जळेल.

ज्यांची महिन्याला आठ-दहा लग्नं आहेत त्यांनी सेलवाला न घेता लिथियम पॅकवाला फ्लॅश घ्यावा. टीटी६००चा हिशेब पूर्ण ताकदीच्या साधारण २३० चमका आणि दर चमकेमागे २.६ सेकंदांपर्यंत थांबणं असा आहे. गोडॉक्सच्याच पॅकवाल्या व्ही८६० मार्क टूचा ६५० चमका आणि दीड सेकंदाच्या आत. एका हंगामात फरक वसूल होतो.

आता ऊन. वैशाखात भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळिशी गाठतो आणि लग्नाच्या तिथीही तेव्हाच. पत्र्याच्या मांडवात फ्लॅश आधीच तापलेला असतो. सलग तीसेक पूर्ण चमका झाल्या की किमान दहा मिनिटं विसावा द्या. नाही दिला तर आतलं संरक्षण जागं होतं आणि एकेका चमकेसाठी दहा-दहा सेकंद लागतात. लोक याला बिघाड समजून दुरुस्तीवाल्याकडे धावतात. सावलीत दहा मिनिटं ठेवला की बहुतेक वेळा पूर्ववत होतो. ताकद १/४वर आणून आयएसओ वाढवलात तर ही वेळ सहसा येत नाही. गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा दुचाकीच्या डिकीत बॅटरी सोडू नका आणि गरम पॅक लगेच चार्जरला लावू नका.

दुसऱ्याच्या फ्लॅशने आपला पेटणं

मोठ्या लग्नात वराकडचा आणि वधूकडचा असे दोन फोटोग्राफर असतात, दोघांकडे एकाच कंपनीचा ट्रिगर. चॅनेलही एकच असला की त्याच्या क्लिकला तुमचा फ्लॅश पेटतो. कामाला लागण्याआधी बोलून चॅनेल वेगळे करा, सोय असेल तर वायरलेस आयडीही. फ्लॅश एस१ या ऑप्टिकल स्लेव्हवर, म्हणजे दुसरा फ्लॅश दिसला की पेटायच्या सेटिंगवर, राहिला असेल तर पाहुण्यांच्या कॅमेऱ्याच्या प्रत्येक फ्लॅशला तो साथ देतो आणि सेल संपवतो. गोडॉक्स आणि योंगनुओ यांचे रेडिओ एकमेकांशी बोलत नाहीत, त्यामुळे पहिल्या खरेदीतच घराणं ठरवून टाका.

उजेड उसळवताना

पांढरं छत बघून फ्लॅश वर वळवायची सवय शहरातल्या हॉलमध्ये ठीक. धाब्याच्या घरात वर सागाच्या काळपट तुळया असतात. तिथून परतणारा उजेड थोडा आणि तपकिरी. श्रावणात कानबाई या खानदेशातल्या देवीच्या उत्सवाच्या रात्री असे फोटो हमखास पिवळट येतात, आणि समोरून थेट मारला तर देवीच्या मुखवट्यावर नुसता पांढरा डाग उमटतो. मी अशा वेळी कुणाला तरी पांढरी चादर बाजूला धरायला लावतो आणि फ्लॅश तिच्यावर मारतो. रोट (नैवेद्य) करत बसलेल्या मावशींचे चेहरे त्या उजेडात फार छान येतात. लॉनवर तर छतच नसतं. तिथे वर वळवलेला फ्लॅश आकाशात जातो, उजेड मऊ करणारा छोटा सॉफ्टबॉक्स बांधा.

घेताना

आपला कॅमेरा आणि चार्ज केलेले सेल बरोबर घेऊन दुकानात जा. पूर्ण ताकदीवर दहा चमका मारा, डोकं सगळीकडे फिरवून बघा, पायाचं कुलूप दोनदा लावून काढा. जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि वॉरंटी कोण देणार, दुरुस्तीला कुठे पाठवावा लागेल, नळी बदलून मिळते का, हे विचारून बिलावरच लिहून घ्या. पावसाळ्यात काम नसेल तर सेल काढून ठेवा, आणि महिन्यातून एकदा सेल घालून दहा-बारा चमका मारा, म्हणजे कपॅसिटर ताजा राहतो.