जुनं व्यंगचित्र अस्सल की नक्कल? ठिपके बघा

लंडनच्या ‘व्हॅनिटी फेअर’ साप्ताहिकातली नटांची रंगीत व्यंगचित्रं आजही विकत मिळतात. त्यात हेन्री आयर्व्हिंग या इंग्रज नटाचं 19 डिसेंबर 1874चं चित्र फार देखणं आहे. पण अस्सल म्हणून नंतरची छापील नक्कल गळ्यात पडायची शक्यता असते. पैसे देण्याआधी एवढं कराच:

1. घड्याळजी वापरतात तसं दहापट भिंग घ्या. ऑनलाइन खरेदी असेल तर विक्रेत्याकडे अगदी जवळून काढलेला फोटो मागा.

2. गालावरची सावली किंवा कोटाचा फिका भाग बघा. अस्सल चित्र शिळाछापाचं, म्हणजे दगडावर काढून छापलेलं, म्हणून रंगाचे कण वेडेवाकडे, लहानमोठे, खडूच्या रवाळ रेघेसारखे दिसतात. आताच्या छपाईत बहुधा ठिपके ओळीने, गोल फुलासारखे एकसारखे बसलेले असतात. एकदा फरक दिसला की डोळा पुन्हा फसत नाही.

3. मग कागद मोजा. पूर्ण पान साधारण 38 बाय 26 सेंमी. फ्रेमसाठी कडा कापलेल्या असतील तर किंमत कमी करून मागा.

‘एप’ किंवा ‘स्पाय’ ही व्यंगचित्रकारांची टोपणनावाची सही आणि खालचं छापखान्याचं नाव यांवर विसंबू नका, नकलेत तेही जसंच्या तसं उतरतं.

रविवर्मा प्रेसच्या जुन्या चित्रांनाही हीच भिंगाची परीक्षा चालते.

एक जपा: पिवळे डाग ओल्या फडक्याने पुसू नका, रंग आणि कागद दोन्ही खराब होतात.