मोठ्या धक्क्यातून सावरताना काय कामाला येतं

२०२१ च्या एप्रिलमध्ये बाबा गेले, कोविडच्या दुसऱ्या लाटेत. नंतर जो तो फोनवर "होतं ते चांगल्यासाठीच" म्हणायचा आणि माझं डोकं फिरायचं. कोणी असं म्हटलं तर मनावर घेऊ नका, धक्का बसला म्हणून कोणी आपोआप शहाणं होत नाही. टेडेस्की आणि कॅल्हून या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९६ ला धक्क्यानंतर माणसात होणाऱ्या चांगल्या बदलांवर २१ प्रश्नांची चाचणी काढली, त्यांचं म्हणणं असं की माणूस बदलतो तो घटनेमुळे नाही, नंतर तिच्याशी जी झटापट करतो तिच्यामुळे. आणि दुःख संपल्यावरच हा बदल सुरू होतो असंही नाही, दोन्ही बरोबर चालू असतं.

पहिले काही आठवडे काही "शिकायला" जाऊच नका. झोप, जेवण, आंघोळ एवढं जमलं तरी खूप झालं. तेव्हा तेच तेच सीन डोक्यात फिरतात, मला तर दात घासताना पण ऑक्सिमीटरवरचा ७८ दिसायचा, ते आपल्या हातात नसतं. पण जरा स्थिर झालात की ठरवून विचार करायला बसा, "माझ्याच बाबतीत का" वरून "आता पुढे कसं" इथपर्यंत यायला वेळ लागतो, लागू दे. लिहिण्याने मदत होते, पेनेबेकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची पद्धत सोपी आहे, दिवसाला १५-२० मिनिटं, तीन-चार दिवस, शुद्धलेखन वगैरे न बघता मनातलं सगळं उतरवायचं. लिहून जास्तच त्रास व्हायला लागला तर सरळ बंद करा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एक तरी ऐकणारं माणूस. माझी मावशी मेथी निवडत बसायची, मी तीच हॉस्पिटलची गोष्ट पाचव्यांदा सांगायचे आणि ती फक्त "मग?" म्हणायची, सल्ला शून्य. असं कोणी असेल तर धरून ठेवा. पण बोलायचं नसेल तर नाही बोलायचं, जबरदस्तीने बोलतं करून फायदा होत नाही.

नंतर कधीतरी दुसऱ्याच्या उपयोगी पडून बघा, मी बिल्डिंगमधल्या एका काकूंचे विम्याचे फॉर्म भरून दिले, त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी नीट जेवले.

महिना उलटला तरी झोप नाही, दचकायला होतं, त्या रस्त्याने जाववत नाही असं असेल तर डॉक्टरांना भेटा. आणि जीव नकोसा वाटला तर महिन्याची वाट बघू नका, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लावा, फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. मी काउन्सेलरकडे जायला आठ महिने लावले, कारण काय तर लोक काय म्हणतील.