झॉम्बी प्रोसेस अडकलीय? या चुका टाळा

लिनक्सवर टॉप (चालू प्रोसेस दाखवणारी कमांड) उघडायचं, वरच्या ओळीत झॉम्बीपुढे आकडा दिसला की लगेच किल -९ (प्रोसेस जबरदस्तीने संपवणारी कमांड) मारायचं. काही होत नाही. मग तेच पुन्हा, आता सुडो (ॲडमिनचे अधिकार) लावून. अहो, ती प्रोसेस आधीच मेलीय! तिची मेमरी, उघड्या फाइल्स, सगळं कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याने) परत घेतलंय. उरलीय ती प्रोसेस टेबलमधली एक नोंद, पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) आणि एक्झिट कोडसकट (ती कशी संपली ते सांगणारा आकडा). पॅरेंटने, म्हणजे तिला सुरू करणाऱ्या प्रोसेसने, वेट हा कॉल करून तो कोड उचलला की नोंद जाते. म्हणजे चौकशी पॅरेंटची करायची. मी पीएसमधून (प्रोसेसची यादी देणारी कमांड) पीआयडी, पीपीआयडी (पॅरेंटचा पीआयडी), स्टॅट (प्रोसेसची अवस्था) आणि कमांड एवढेच कॉलम काढतो आणि स्टॅटमध्ये झेड, म्हणजे झॉम्बी, असलेल्या ओळी बघतो. बहुतेक वेळा सगळ्यांचा पीपीआयडी एकच निघतो.

माझा खरा राग आहे तो नेटवरून उचललेल्या त्या एका ओळीच्या कमांडवर: झॉम्बी शोधा, त्यांच्या पॅरेंटला किल -९. पॅरेंट गेला की मुलं इनिटकडे (सिस्टीमची पहिली प्रोसेस, पीआयडी १) जातात आणि इनिट वेट करतो, इथवर ठीक. पण पॅरेंट कोण आहे हे कुणी बघायचं? एका टीममध्ये कुणीतरी ही ओळ थेट क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या सेवेत) टाकली, दर काही मिनिटांनी. बरेच दिवस सगळं सुरळीत. मग एका रात्री त्या ओळीने बॅच जॉब सांभाळणारा सुपरवायझरच उडवला. त्याचा काही दोष नव्हता. संपलेली प्रत्येक प्रोसेस वेट होईपर्यंत क्षणभर झॉम्बी असतेच, आणि नेमक्या त्या क्षणी पीएस चाललं. सकाळी अर्धे रिपोर्ट गायब. लॉगमध्ये एक अक्षर नाही, कारण -९ मध्ये लिहायला सवडच मिळत नाही. लोक दिवसभर डेटाबेस आणि नेटवर्क उकरत बसले. क्रॉनटॅब संध्याकाळी उघडला गेला.

म्हणून पीएस दोनदा चालवा, मध्ये मिनिटभर जाऊ द्या. दोन्हीकडे तोच पीआयडी असेल तरच पुढे जा. पॅरेंटचा स्टॅट टी असेल तर बहुधा कुणीतरी कंट्रोल-झेड दाबून तो थांबवलाय; सिगकॉन्ट (पुन्हा चालू हो, असा सिग्नल) पाठवा, काम झालं. नाहीतर ती सर्व्हिस रीतसर रीस्टार्ट करा. पॅरेंटला नुसतं सिगचाइल्ड (मूल संपलं, असा सिग्नल) पाठवून बघा असं सांगतात, पण कोडमध्ये वेटच नसेल तर तो सिग्नल वाया.

कोड तुमचाच असेल तर सिगचाइल्ड आल्यावर चालणारं फंक्शन, म्हणजे हँडलर, बघा. तिथे एकदाच वेट लिहिलेलं असतं. हे सिग्नल रांगेत साठत नाहीत. तीन मुलं एकदम संपली तर सिगचाइल्ड एकच पोचू शकतो आणि दोन झॉम्बी मागे राहतात. वेटपीआयडी हा कॉल डब्ल्यूनोहँगसह (संपलेलं मूल नसेल तर थांबू नको, हा पर्याय) लूपमध्ये फिरवा.

कंटेनरमध्ये (ॲप बाकी सिस्टीमपासून वेगळं चालवणारा डबा) पीआयडी १ बहुतेक वेळा तुमचं ॲपच असतं आणि अनाथ मुलं त्याच्याच गळ्यात पडतात. डॉकरला (कंटेनर चालवणारं सॉफ्टवेअर) --इनिट द्या, म्हणजे पीआयडी १ वर छोटा इनिट बसतो आणि वेट करतो.

दोन-चार झॉम्बींमुळे सर्व्हर हळू होत नाही. त्या हजारोंनी साठल्या की पीआयडी संपतात, फोर्क (नवी प्रोसेस बनवणारा कॉल) नापास होतो. लिनक्सवर मर्यादा पीआयडी-मॅक्समध्ये बघा; ३२७६८ असेल तर गळती लवकर टोचते.

आणि स्टॅटमधला डी म्हणजे झॉम्बी नव्हे. ती प्रोसेस जिवंत आहे, डिस्कच्या किंवा एनएफएसच्या (नेटवर्कवरून जोडलेल्या फाइल्सच्या) उत्तराची वाट बघतेय. लोड ॲव्हरेज फुगलेलं दिसतं ते हिच्यामुळे. तिथे पॅरेंट मारून काही हाती लागत नाही, माउंट तपासा.