एफ-८०१ ला लेन्स लावण्याआधी लेन्सची पाठ बघा

निकॉन एफ-८०१ ही १९८८ सालची फिल्म कॅमेऱ्याची बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) मी अजूनही नियमित वापरते. निकॉनच्याच एफ५, एफ१०० या बॉडींची नावं सगळ्यांच्या तोंडी असतात, हिच्याकडे मात्र फारसं कुणी वळत नाही. शटर १/८००० सेकंदापर्यंत जातं, फ्लॅश १/२५० सेकंदापर्यंतच्या शटरशी जुळतो आणि एवढं सगळं साध्या चार डबल-ए सेलवर! फक्त लेन्स तिला मानवणारी हवी.

त्यासाठी लेन्स उलटी धरा. माउंटच्या, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जिथे बसते तिथल्या, धातूच्या कड्यात स्क्रूच्या डोक्यावर असते तशी बारीक खाच दिसते का? बॉडीतल्या मोटरचं टोक त्या खाचेत बसतं आणि लेन्स फोकस करतं. खाचही आहे आणि ॲपर्चर रिंगही (प्रकाश आत येणारं छिद्र लहान-मोठं करणारी, आकडे असलेली कडी) आहे, म्हणजे लेन्स एएफ (ऑटोफोकस) किंवा एएफ-डी प्रकारची आहे, तर बिनधास्त घ्या. माझी ५० एमएम एफ/१.८ डी हिच्यावरून क्वचितच उतरते.

रिंग नसलेल्या जी लेन्सवर पी (शटर आणि ॲपर्चर दोन्ही कॅमेरा ठरवतो) आणि एस (शटर आपण, ॲपर्चर कॅमेरा) हे दोनच एक्स्पोजर मोड धरून चाला. एएफ-एस लेन्सची मोटर लेन्सच्या आत असते आणि ती चालवायची सोय या बॉडीत नाही, त्यामुळे फोकस हातानेच करावा लागतो. लेन्स एफ/५.६ किंवा त्याहून उजळ, म्हणजे एफचा आकडा त्याहून लहान, असेल तर फोकस जुळल्यावर व्ह्यूफाइंडरमध्ये गोल खूण उमटते, तिच्या भरवशावर मी पोर्ट्रेट काढले आहेत. एएफ-पी ही नव्या प्रकारची लेन्स मात्र घेऊच नका, तिच्यावर हातानेही फोकस होत नाही. ई प्रकारच्या (विजेवर ॲपर्चर चालणाऱ्या) लेन्सचं ॲपर्चर या बॉडीवर बंदच होत नाही. डीएक्स, म्हणजे लहान सेन्सरच्या डिजिटल कॅमेऱ्यांसाठीच्या, लेन्सने फ्रेमचे कोपरे काळे येतात. जुन्या मॅन्युअल एआय लेन्स मात्र ए (ॲपर्चर आपण, शटर कॅमेरा) आणि एम (दोन्ही आपण) मोडमध्ये छान चालतात, प्रकाश मोजणारा मीटर तेवढा सेंटर-वेटेड होतो, म्हणजे फ्रेमच्या मधल्या भागाला जास्त महत्त्व देतो.

पहिल्याच दिवशी माझं शटर दबेना. डिस्प्लेवर ‘एफईई’ लुकलुकत होतं आणि मला वाटलं, बॉडी गेली. कारण एवढंच होतं, की मोड पी होता आणि लेन्सची रिंग ८ वर. पी आणि एसमध्ये रिंग सगळ्यात लहान ॲपर्चरवर, म्हणजे सगळ्यात मोठ्या आकड्यावर (माझ्या लेन्सवर २२), नेऊन लॉक करायची असते.

शटर न दबण्याचं दुसरं कारण फोकस. माउंटशेजारच्या फोकसच्या बटणावरही ‘एस’ आहे, मोडच्या एसशी त्याची गल्लत करू नका. या एसमध्ये फोकस सापडेपर्यंत फोटो निघत नाही. फोकसचा सेन्सर मधोमध एकच आणि तोही एकाच दिशेचा, त्यामुळे खिडकीच्या आडव्या पट्ट्यांवर लेन्स नुसती पुढे-मागे होत राहते. अशा वेळी कॅमेरा थोडा तिरका करा, फोकस धरला की शटरचं बटण अर्धं दाबून ठेवा, मग सरळ करून फ्रेम जुळवा आणि क्लिक करा.

रोल भरताना फिल्मचं टोक लाल खुणेपर्यंत ओढायचं. फिल्म सैल राहू देऊ नका आणि शटरच्या पडद्याला बोट लावू नका. दार बंद करून शटरचं बटण दाबलं, की कॅमेरा स्वतःच १ वर, म्हणजे पहिल्या फ्रेमवर, येतो. बरेच दिवस वापर नसेल तर सेल काढून ठेवा. सेल गळाले की आतले संपर्क गंजतात आणि ते साफ करणं फार जिकिरीचं होतं.