मूत्रातील प्रथिने आणि जिवाणूंचे चिकटणे : प्रयोगातील या चुका टाळा

निरोगी माणसाच्या मूत्रात प्रथिने नसतातच, असे गृहीत धरून जो जिवाणूंच्या चिकटण्याचा प्रयोग मांडतो, त्याची पहिली चूक काम सुरू होण्याआधीच झालेली असते. टॅम आणि हॉर्सफॉल या संशोधकांनी १९५० मध्ये वर्णन केलेले युरोमोड्युलिन हे प्रथिन मूत्रपिंडातच तयार होते आणि निरोगी मूत्रात इतर कोणत्याही प्रथिनापेक्षा अधिक असते. ई. कोलाय या जिवाणूच्या प्रकार १ पिलींच्या (चिकटण्यासाठी असलेल्या केसांसारख्या तंतूंच्या) टोकाला असलेले फिमएच हे प्रथिन मूत्राशयाच्या अस्तरावरील मॅनोज शर्करेला धरते. तीच शर्करा युरोमोड्युलिनवरही असल्यामुळे जिवाणू त्याच्या तंतूंत अडकतात आणि लघवीबरोबर वाहून जातात.

सर्वाधिक घोटाळा गाळणीवर होतो. मूत्र निर्जंतुक करण्यासाठी आपण ते सवयीने ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढतो. पण युरोमोड्युलिनचे लांब तंतू त्याच पडद्यावर अडकतात, आणि मग 'मूत्राचा चिकटण्यावर परिणाम नाही' असा निष्कर्ष ज्याच्यावरून निघतो, ते मुळात प्रथिन गमावलेले पाणी असते. जोरात सेंट्रिफ्यूज केल्यासही ते गाळात जाऊ शकते. म्हणून गाळण्यापूर्वी आणि नंतर एलायझाने (प्रतिपिंडांच्या साहाय्याने प्रथिन मोजण्याच्या चाचणीने) युरोमोड्युलिन मोजावे, आणि शक्य असल्यास शुद्ध प्रथिन ठरावीक मात्रेत मिसळून वेगळी चाचणी घ्यावी.

दुसरी चूक जिवाणूंच्या बाजूची. अगार या घट्ट पोषक माध्यमावर वाढवलेल्या ई. कोलायमध्ये प्रकार १ पिली अनेकदा जवळजवळ नसतातच. न हलवता ठेवलेल्या ब्रॉथमध्ये (द्रव पोषक माध्यमात) सलग दोनदा वाढवून, जिवाणूंमुळे यीस्टच्या गुठळ्या होतात आणि मॅनोज घातल्यावर होत नाहीत, म्हणजेच प्रकार १ पिली आल्या आहेत, हे आधी पाहावे. मूत्रपिंडाच्या संसर्गातील पी पिली मॅनोजला धरत नाहीत. तेथे युरोमोड्युलिनकडून हाच प्रतिबंध अपेक्षिणे व्यर्थ आहे.

प्रथिन नेहमी रक्षकच असते, असेही मानू नये. कॅथेटर बसवल्यावर मूत्राशयाला इजा होऊन फायब्रिनोजेन हे रक्त गोठण्यात भाग घेणारे प्रथिन कॅथेटरवर साचते, आणि एन्टरोकॉकस फेकॅलिस हा जिवाणू ईबीपीए या पिली-प्रथिनाने नेमके त्यालाच चिकटतो. कोऱ्या सिलिकॉनच्या तुकड्यावर हा जिवाणू चिकटला नाही, तर दोष जिवाणूचा नसून फायब्रिनोजेनचा थर दिला नसल्याचा असू शकतो.