कारल्याचं बी रुजेना तेव्हा

यंदा खानापुरात थंडी हटेचना. शिवरात्रीला ती ‘शिव शिव’ म्हणत जाते म्हणे. आमच्या परसात मात्र ठाण मांडून बसलेली. कारल्याचं बी टाकून 15 दिवस झाले तरी कोंब नाही. उकरलं तर बिया बुळबुळीत, कुजलेल्या. चूक माझीच. रोज संध्याकाळी पाणी घालायचो, माती रात्रभर गारढोण. कारल्याला रुजायला 25-30 अंशांची ऊब लागते.

मग नवं बी घेतलं. नेलकटरनं कडेचा जरासा टवका काढला, रात्रभर कोमट पाण्यात भिजवलं, ओल्या फडक्यात गुंडाळून न्हाणीच्या चुलीजवळ ठेवलं. (आई म्हणाली, बाळंतीण आहे काय रे ती?) सहाव्या दिवशी पांढरी शेपटी दिसली! भोक पाडलेल्या करवंट्यांत लावली; दिवसा उन्हात, रात्री घरात. पाणी आता ऊन चढल्यावरच. दोडक्यालाही हेच केलं, टवका सोडून.